फेह: टर्मिनलमधून फोटो बघा आणि बघता बघता निवडून टाका

तीन हजार फोटोंचं फोल्डर आहे, त्यातले दीडशे ठेवायचेत आणि बाकीचे उडवायचेत, हे काम एकदा गॅलरी ॲपमध्ये करून बघा म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. आधी ते थंबनेल बनवत बसतं, मग लायब्ररी इम्पोर्ट करू का म्हणून विचारतं, आणि एक फोटो दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकायचा तर राइट क्लिक, मूव्ह टू, फोल्डर शोधा, ओके, आणि हे सगळं तीन हजार वेळा. मी हेच काम फेह वापरून करतो, एका फोटोला एक बटण, दाबलं की फोटो जागेवर जातो आणि पुढचा समोर येतो.

फेह म्हणजे एफ, ई, एच, बस तीन अक्षरं. लिनक्सवर एक्स इलेव्हनवर (स्क्रीनवर विंडो दाखवणारी जुनी यंत्रणा) चालतो, सी मध्ये लिहिलाय, फोटो उघडायला इम्लिब-२ ही लायब्ररी वापरतो. टूलबार नाही, मेनूबार नाही, उघडला की फक्त फोटो. मी पहिल्यांदा उघडला तेव्हा मला वाटलं काहीतरी अर्धवट इन्स्टॉल झालंय, पण नाही, तो तसाच आहे. फोटो दाखवणं एवढंच त्याचं काम, बाकी सगळं तो शेलवर (टर्मिनलमध्ये कमांड चालवतो तो प्रोग्राम) सोडतो आणि म्हणूनच तो आवडतो.

एक आधीच सांगतो, खाली कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, तुम्ही टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं टाकायची. शक्यतो लांब ऑप्शनच देतोय, कारण फेहच्या एका अक्षराच्या ऑप्शनमध्ये छोटं-मोठं अक्षर फार बघावं लागतं, छोटा झेड म्हणजे फोटो पिसून दाखव आणि कॅपिटल झेड म्हणजे स्क्रीनभर मोठा कर, आणि घाईत नेहमी उलटंच टाइप होतं.

इन्स्टॉल करणं म्हणजे एका ओळीचं काम. डेबियन, उबंटू वगैरेवर:

सुडो एपीटी इन्स्टॉल फेह

फेडोरावर एपीटीच्या जागी डीएनएफ, आर्चवर पॅकमन -एस (तो एस कॅपिटल). मॅकवर होमब्रूमधून मिळतो पण सोबत एक्सक्वार्ट्झ (मॅकवरचं एक्स इलेव्हन) लागतं.

आता पहिली गंमत. फेहला एखादा मोठा फोटो नुसता दिला तर तो शंभर टक्के साइजमध्ये उघडतो, म्हणजे कॅमेऱ्याचा फोटो असेल तर स्क्रीनवर फक्त एक कोपरा दिसतो आणि लोक म्हणतात हे काय भलतंच. त्यासाठी:

फेह --स्केल-डाउन ~/आलेले

स्केल-डाउनने मोठे फोटो विंडोत मावतील एवढे लहान होतात, लहान असलेले तसेच राहतात. लहानसुद्धा ताणून स्क्रीनभर हवे असतील तर --फुलस्क्रीन --ऑटो-झूम. फोल्डरच्या आतले फोल्डरही हवे असतील तर --रिकर्सिव्ह.

दुसरी गंमत अशी की एकच फाइल दिली तर फेह तेवढी एकच उघडतो, पुढचं बटण दाबून दाबून काही होत नाही आणि आपल्याला वाटतं अडकला. त्या फोल्डरमधले सगळे हवेत पण सुरुवात या फोटोपासून, असं असेल तर:

फेह --स्टार्ट-ॲट ./बारसं.जेपीजी .

शेवटचा टिंब म्हणजे चालू फोल्डर, आणि फाइलच्या नावाआधी ते टिंब-स्लॅश टाकाच, म्हणजे फेहच्या यादीत फाइल ज्या नावाने आहे त्याच्याशी ते बरोबर जुळतं.

बटणं फार पाठ करायची गरज नाही. स्पेस किंवा उजवा बाण म्हणजे पुढे, बॅकस्पेस किंवा डावा बाण म्हणजे मागे, वरचा-खालचा बाण म्हणजे झूम, * दाबलं की शंभर टक्के, / दाबलं की परत विंडोत मावेल तसा. एफ म्हणजे फुलस्क्रीन (जुन्या व्हर्जनमध्ये याच कामाला व्ही होतं, त्यामुळे जुनी माहिती वाचून गोंधळ होऊ शकतो), डी म्हणजे फाइलचं नाव दाखव-लपव, क्यू म्हणजे बंद. माऊसने डावं बटण धरून ओढलं की फोटो सरकतो, मधलं धरून ओढलं की झूम, आणि राइट क्लिकला एक मेनू येतो जो मी आजवर फारसा वापरलेला नाही. < आणि > ने फोटो नव्वद अंशात फिरतो पण फक्त दिसण्यापुरता, फाइलमध्येच फिरवायचा असेल तर सुरू करतानाच --एडिट द्यावं लागतं.

आणि एक बटण जरा जपून. नुसतं डिलीट दाबलं तर फोटो फक्त फेहच्या यादीतून जातो, डिस्कवर शाबूत असतो. पण कंट्रोल धरून डिलीट दाबलं तर फाइलच जाते, ट्रॅशमध्ये वगैरे नाही, गेली म्हणजे गेली, आणि विचारतही नाही. म्हणून मी नव्या मशीनवर सगळ्यात आधी काय करतो तर ~/.कॉन्फिग/फेह या फोल्डरमध्ये कीज नावाची फाइल बनवतो आणि तिच्यात एकच ओळ टाकतो, डिलीट, बस एवढाच शब्द, पुढे काही नाही. या फाइलमध्ये ॲक्शनचं नाव आणि पुढे त्याची बटणं असं लिहायचं असतं, बटण लिहिलंच नाही तर ती ॲक्शन कुठल्याच बटणाला राहत नाही. यादीतून काढायच्या ॲक्शनचं नाव रिमूव्ह असं वेगळं आहे त्यामुळे साधं डिलीट बटण चालूच राहतं.

आता मुद्द्याचं, फोटो निवडणं.

फेहमध्ये ० ते ९ हे आकडे रिकामे ठेवलेत, त्यांना तुम्ही कुठलीही शेल कमांड बांधू शकता. म्हणजे १ दाबलं की फोटो निवड फोल्डरमध्ये, २ दाबलं की नको फोल्डरमध्ये (एमकेडीरने फोल्डर बनतं, एमव्हीने फाइल हलते):

एमकेडीर -पी ~/निवड ~/नको

फेह --स्केल-डाउन --ड्रॉ-फाइलनेम --ॲक्शन१ 'एमव्ही -एन %एफ ~/निवड/' --ॲक्शन२ 'एमव्ही -एन %एफ ~/नको/' ~/आलेले

यातलं %एफ हे फार महत्त्वाचं, आणि तो एफ कॅपिटलच पाहिजे. फेह तिथे चालू फोटोचा पाथ भरतो. छोटा एफ टाकलात तर पाथ जसाच्या तसा जातो आणि फाइलच्या नावात स्पेस किंवा कंस असला की शेल त्याचे तुकडे करतं, कॅपिटल एफ टाकलात तर फेह स्वतःच त्याला कोटमध्ये नीट बांधून देतो. आणि तो आधीच बांधलेला असतो म्हणून वरून आपण परत कोट लावायचे नाहीत, नाहीतर कोटात कोट होऊन सगळंच बिघडतं. पूर्ण कमांडभोवती सिंगल कोट, आत %एफ उघडं, एवढं लक्षात ठेवा.

आता एमव्हीपुढच्या त्या -एन बद्दल, तो मी हौसेने टाकत नाही. एकदा घरातल्या दोन फोनचे फोटो एका फोल्डरखाली घेतले होते, दोन सबफोल्डर, रिकर्सिव्ह लावून निवडायला बसलो, तासभर मस्त एक-दोन-एक-दोन चाललं होतं. संपल्यावर निवड फोल्डर उघडलं तर मोजून ठेवलेल्यापेक्षा वीस-बावीस फोटो कमी. बराच वेळ डोकं खाजवल्यावर कळलं की दोन्ही फोनमध्ये आयएमजी आणि पुढे आकडा अशीच नावं होती, दुसऱ्या फोनचा ०००७ पहिल्या फोनच्या ०००७ वर जाऊन बसला आणि एमव्हीने हूं की चूं केलं नाही. बॅकअप होता म्हणून वाचलो. तर -एन दिलं की त्या नावाची फाइल आधीच असेल तर एमव्ही हात लावत नाही, फोटो जुन्या जागी राहतो. त्याहून बरं म्हणजे लिनक्सवरच्या एमव्हीला -एन च्या जागी --बॅकअप=नंबर्ड द्यायचं, मग दोन्ही राहतात, आधीच्या फाइलच्या नावाला शेपटी लागते एवढंच.

फोल्डरच्या नावापुढचा स्लॅशही विसरू नका. समजा ~/निवड बनवायचंच राहिलं आणि स्लॅशही नाही, तर एमव्हीला वाटतं तुम्हाला फोटोचं नाव बदलून निवड करायचंय, आणि तो करतो. स्लॅश असला तर निदान टर्मिनलमध्ये ओरडतो तरी. एमकेडीरची ओळ मी वर म्हणूनच दिलीय.

आकडा दाबल्यावर फेह आपोआप पुढच्या फोटोवर जातो, हे निवडताना सोयीचंच आहे. पण कधीकधी आपल्याला तिथेच थांबायचं असतं, म्हणजे समजा ३ ला एखादी फोटो उजळ करायची इमेजमॅजिकची (कमांडने फोटो बदलणारं टूल) कमांड बांधली, तर निकाल बघायला तोच फोटो परत दिसायला हवा. त्यासाठी कमांडच्या अगदी सुरुवातीला, कोटच्या आत, एक ; (सेमीकोलन) टाकायचा. मग पुढे न जाता तोच फोटो परत लोड होतो. तसंच चौकोनी कंसात नाव देता येतं, '[ठेव]एमव्ही...' असं काहीतरी (खऱ्या कमांडमध्ये नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं बरं), आणि सोबत --ड्रॉ-ॲक्शन्स दिलं की कुठल्या आकड्याला काय बांधलंय ते फोटोवरच कोपऱ्यात दिसतं. चार-पाच ॲक्शन असल्या की याची गरज पडते, माझ्या डोक्यात तीनच्या पुढे राहत नाही.

एवढी लांब कमांड रोज कोण टाइप करणार, म्हणून ती निवडा नावाच्या एका छोट्या शेल फाइलमध्ये टाकून ठेवा, शेवटी फोल्डरच्या जागी डबल कोटमध्ये "$१", झालं. मग नुसतं निवडा ~/आलेले असं म्हटलं की काम सुरू.

आता ज्यांना एमव्हीची धास्ती वाटते त्यांच्यासाठी दुसरी पद्धत, यात मूळ फाइलला हातच लागत नाही आणि खरं सांगायचं तर हल्ली मी हीच जास्त वापरतो:

फेह --स्केल-डाउन --फाइललिस्ट ~/यादी.टीएक्सटी ~/आलेले

ही यादीची फाइल नसेल तर फेह बंद करताना ती बनवतो, एका ओळीवर एक पाथ. आता बघत जायचं आणि नको असलेल्या फोटोवर नुसतं डिलीट दाबायचं (कंट्रोल नाही!), तो यादीतून जातो, डिस्कवर राहतो. कंटाळा आला की क्यू. दुसऱ्या दिवशी परत बसायचं तर:

फेह --स्केल-डाउन --फाइललिस्ट ~/यादी.टीएक्सटी

नीट बघा, या वेळी फोल्डर दिलेलं नाही. दिलंत तर फेह त्यातले सगळे फोटो यादीत परत भरतो आणि काल काढलेले सगळे पुन्हा हजर. हे माझं दोनदा झालंय, दुसऱ्यांदा तर मला आधीचं आठवतही होतं. शेवटी यादीत फक्त हवे तेच उरले की एका ओळीत कॉपी:

एक्सआर्ग्ज -डी '\एन' सीपी -एन -टी ~/निवड/ < ~/यादी.टीएक्सटी

यात -डी '\एन' मुळे प्रत्येक ओळ हे एक नाव धरलं जातं म्हणून स्पेसवाली नावं फुटत नाहीत. हे लिनक्सवरच्या एक्सआर्ग्जचं आहे, मॅकवर असंच्या असं चालणार नाही. आणि सीपीचा -एन सारख्या नावाची दुसरी फाइल सोडून देतो, त्यामुळे वरचा दोन फोनवाला प्रकार असेल तर इथेही --बॅकअप=नंबर्ड.

यादी फेहला पाइपमधूनही (एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला) देता येते, --फाइललिस्टपुढे फाइलच्या नावाऐवजी नुसता एक डॅश. म्हणजे फाइंड, ग्रेप, सॉर्ट जे काही वापरून नावं काढता येतील ती सगळी थेट बघता येतात:

फाइंड ~/फोटो -आयनेम '*.जेपीजी' -एमटाइम -७ | फेह --स्केल-डाउन --फाइललिस्ट -

गेल्या सात दिवसांतले सगळे जेपीजी, कुठल्याही फोल्डरमध्ये असोत. आणि --फाइललिस्ट न लिहिता नुसता डॅश दिला, म्हणजे फेह - एवढंच, तर तो पाइपमधून नावं नाही तर फोटोच घेतो, एखादी स्क्रिप्ट चित्र थेट आउटपुटला टाकत असेल तर ते फाइल न बनवताच बघता येतं.

क्रम लावायचा तर --सॉर्ट आणि पुढे नेम, एमटाइम, साइज, विड्थ, हाइट, पिक्सेल्स वगैरे. नावाने लावताना १० नंबर २ च्या आधी येत असेल तर --व्हर्जन-सॉर्ट द्या, स्कॅन केलेली पानं बघताना हे लागतंच. पिक्सेल्स, विड्थवाला सॉर्ट मोठ्या फोल्डरवर हळू चालतो, कारण त्याला प्रत्येक फोटो उघडून बघावा लागतो.

वॉलपेपरसाठीही बरेच लोक फेह वापरतात, काहींना तर तो तेवढ्यासाठीच माहीत आहे:

फेह --बीजी-फिल ~/वॉल/डोंगर.जेपीजी

फिल म्हणजे प्रमाण न बिघडवता स्क्रीन भरतो, जास्तीचं कापतो. मॅक्स म्हणजे अख्खा फोटो दिसतो, कडेला पट्ट्या राहतात. स्केल म्हणजे सरळ ताणतो, माणसं जाडी दिसतात. सेंटर आणि टाइल नावाप्रमाणेच. दोन मॉनिटर असतील तर दोन फोटो द्या, एकेकावर एकेक लागतो. कमांड चालली की होम फोल्डरमध्ये .फेहबीजी नावाची छोटी स्क्रिप्ट बनते, तिच्यात हीच कमांड असते, लॉगिन झाल्यावर ती चालवायला सांगितलं (एक्सइनिटआरसीमध्ये किंवा विंडो मॅनेजरच्या कॉन्फिगमध्ये एक ओळ) की वॉलपेपर टिकतो, नाहीतर रीस्टार्टनंतर गायब. दर वेळी वेगळा हवा तर --रँडमाइझ जोडून फोटोऐवजी फोल्डर द्या. क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप कमांड चालवणारा) बदलायचा असेल तर कमांडच्या आधी डिस्प्ले=:० हवं (डिस्प्ले कॅपिटलमध्ये), कारण क्रॉनला कुठल्या स्क्रीनवर लावायचं ते कळत नाही, हाताने चालवली की चालते आणि क्रॉनमधून चालत नाही याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. नोमसारखं डेस्कटॉप स्वतःच बॅकग्राउंड रंगवत असेल तर फेहचा वॉलपेपर त्याच्या मागे जातो, तिथे त्या डेस्कटॉपचंच सेटिंग वापरा. वेलँडवर (एक्स इलेव्हनच्या जागी आलेली नवी यंत्रणा) फोटो बघणं एक्सवेलँडमुळे चालतं, वॉलपेपर नाही, तिकडे लोक बघायला आयएमव्ही आणि वॉलपेपरला स्वेबीजी वापरतात.

स्लाइडशोला --स्लाइडशो-डिले आणि सेकंद, मध्येच थांबवायला एच. बाहेरून पुढे-मागे न्यायचं असेल तर सिग्नल पाठवा, पीकिल -यूएसआर१ फेह म्हणजे पुढचा, -यूएसआर२ म्हणजे मागचा (यूएसआर कॅपिटल). हे दुसऱ्या मशीनवरून एसएसएच करून चालवलं की टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरवरचे फोटो लांबून बदलता येतात. स्क्रिप्टने सारखा नवा होणारा ग्राफ बघायचा असेल तर --रीलोड ५, दर पाच सेकंदांनी तीच फाइल परत वाचतो.

जिफ मात्र हलणार नाही, एकच फ्रेम दिसते, त्यासाठी एमपीव्ही हा व्हिडिओ प्लेअर वापरा. हाइकसारखे (आयफोनवरचे फोटो) जे फॉरमॅट तुमच्याकडच्या इम्लिबला येत नसतील त्यांना --कन्व्हर्जन-टाइमआउट ५ असं दिलं की फेह मागच्या मागे इमेजमॅजिककडून बदलून घेतो, तो अर्थात इन्स्टॉल असायला हवा, आणि प्रत्येक फोटोला थोडा वेळ जातो.

आणि एक ऑप्शन जो विंडोच उघडत नाही. जुन्या पेनड्राइव्हवरून किंवा मेमरी कार्डवरून फोटो कॉपी केल्यावर मी हे चालवतो:

फेह --रिकर्सिव्ह --अनलोडेबल ~/आलेले

ज्या फाइल उघडतच नाहीत त्यांची नावं टर्मिनलमध्ये येतात. व्हिडिओ, टेक्स्ट फाइल वगैरेही त्यात येतील कारण त्याही उघडत नाहीत, तेव्हा लगेच घाबरून जाऊ नका, पाइप करून ग्रेप -आय जेपीजी लावा आणि जे उरेल तेवढे फोटो कार्डवरून परत कॉपी करा, कार्ड फॉरमॅट करायच्या आधी.